पाठमोरी आई

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. घडलं तेवढंच सांगते. पदरचं काही घालत नाही, घालायची गरजच नाही.

भुतं रात्री येतात म्हणे.

हे भरदुपारी घडलं. १९९५ चा फेब्रुवारी. पोलंडमधल्या आमच्या लिपोवेत्स गावाचं चर्च. बाहेर गुडघाभर बर्फ आणि लख्ख ऊन.

मी ल्युत्सिना. मला माणसं जोखायची खोड आहे. चर्चमध्ये कोण देवासाठी आलंय आणि कोण शेजारणीचा नवा कोट बघायला आलंय, हे मी पहिल्या बाकावर बसून, मागे न बघता सांगत असे.

पण माझ्या सासूचा हिशेब मला कधी लागला नाही.

सासूबाई, स्तेफान्या, चित्रकार होत्या. आसपासच्या गावांतल्या चर्चमध्ये त्यांनी मरियामाता काढल्या. सगळ्या गोड चेहऱ्याच्या, गुलाबी गालांच्या. लोक खूश. मग साठीला आल्यावर त्यांनी आपल्या गावच्या चर्चसाठी एक चित्र काढलं. कुणी न सांगता.

त्यातली मरियामाता पाठमोरी आहे.

तपकिरी शाल. बर्फ. रेल्वेचे रूळ... आणि हातात पाण्याची किटली. झाकण उघडं, साखळीला लोंबणारं.

गाव बिथरलं. फादर झेनोन घरी आले.

"स्तेफान्याबाई, लोक विचारतात, पाठीपुढे हात कसे जोडायचे?"

"मी लहान असताना पाद्री आमच्याकडे पाठ करूनच मिस्साची प्रार्थना म्हणायचे. तेव्हा जोडत होतोच की."

"निदान एक गाल तरी दाखवा!"

"कुणाचा लावू? बेकरीवालीचा की तुमचा?"

फादर चहा न पिता गेले.

मला मात्र कारण माहीत होतं. १९४० च्या हिवाळ्यात रशियन सैनिकांनी सासूबाईंना आणि त्यांच्या आईला मालगाडीच्या डब्यात कोंबलं आणि सैबेरियाकडे पाठवलं. तेव्हा त्या पाच वर्षांच्या. एका स्टेशनात उकळतं पाणी मिळत होतं. आई किटली घेऊन उतरली. रांग मोठी होती.

गाडी शिटी न देताच सुटली.

पोरीनं फळ्यांच्या फटीतून बघितलं. शाल दिसली, किटली दिसली. आई रांगेत उभी होती. गाडी हलल्याचं तिला कळलंच नव्हतं. ती वळली नाही.

पुढे अनाथाश्रम, निर्वासितांबरोबर इराण, आफ्रिकेतली छावणी, मग परत पोलंड. फोटो एकही नाही. आईचा चेहरा वाटेत कुठेतरी पुसला गेला. पाठ तेवढी राहिली.

"डोळे मिटून देवाचं नाव घेतलं की मला तीच पाठ दिसते," त्या म्हणायच्या. "त्या पाठीसाठी मी ब्रश हातात धरला. बाकीच्या बाया गिऱ्हाइकांच्या. ही माझी."

जानेवारीत त्या बर्फावरून घसरल्या. पाय मोडला. फादरना तेवढंच हवं होतं. ईस्टरला बिशप येणार होते. फादरनी पाट्या रंगवणाऱ्या मिरेकला बोलावलं. बाईचं डोकं वळव, म्हणाले, चेहरा काढ.

सासूबाईंना कळलं तेव्हा प्लास्टरमधला पाय त्यांनी पलंगावर आपटला.

"तू जा. त्याच्या मागे बस. ब्रश टेकवला की ओरड."

"अहो आई, माझ्या ओरडण्याने काय होणार?"

"माझ्या नावानं ओरड. मेला मला घाबरतो."

गेले. विणकाम घेऊन पहिल्या बाकावर बसले. मिरेक शिडीवर होता. डोक्यावर टोपी तशीच. टक्कल झाकायला तो देवासमोरही टोपी काढत नसे. फादर ओरडून थकले होते.

"मिरेक, हात झडेल तुझा."

"झडू दे. फादर म्हणाले, सुंदर बाई काढ. मेव्हणीचा चेहरा काढतो."

"बायकोचा का नाही?"

"लोकांनी चर्चला यायचंय ना?"

मला हसू आलं. त्यानं ब्रश उचलला...

सुर्रर्र...

भांड्यात पाणी पडल्यासारखा आवाज.

आमच्या चर्चमध्ये नळ नाही.

मिरेक थांबला. मी सुया खाली ठेवल्या. मग बर्फावर पावलं घासल्याचा आवाज आला. एकाची नाही, पुष्कळ जणांची. थोडं पुढे... थांबायचं... परत थोडं पुढे.

रांग सरकते तशी.

कोळशाच्या धुराचा वास आला. ओल्या लोकरीचा वास आला.

"ल्युत्सिना..."

"काय?"

"बाई कुठंय?"

मी वर बघितलं. चित्रात बर्फ होता. रूळ होते.

बाई नव्हती.

आणि माझ्या पाठीमागे, पार दाराशी...

टिंग.

किटलीवर झाकण आपटल्यासारखं. मग एक पाऊल. टिंग. अजून एक पाऊल. बाकांच्या मधून कुणीतरी पुढे येत होतं. सावकाश. पाणी हिंदकळू नये म्हणून जपून चालतात तसं.

अख्खं चर्च न वळता ओळखणारी मी. मला हे पाऊल ओळखता येईना.

टिंग.

माझ्या मानेवर वाफ आली. गरम.

शिडीवरून मिरेक माझ्या डोक्यावरून मागे बघत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो ओरडला नाही. क्रूसाची खूणही केली नाही.

त्यानं हळूच टोपी काढली.

मी वळले नाही. भीती होतीच, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त राग आला होता. इतकी वर्षं कुठे होती ही बाई? लेक इराणात तापानं फणफणली तेव्हा कुठे होती? मी समोर बघत, मोठ्यानं बोलले.

"तुमची स्तेफा इथं नाही. चर्चमागच्या पिवळ्या घरात आहे. पाय मोडलाय, जीभ शाबूत आहे. जायचं असेल तर तिकडे जा. पण या चित्राला कुणी हात लावणार नाही, मी बसलेय."

शांतता...

मग टिंग. दाराच्या दिशेनं. टिंग. अजून लांब.

दार उघडल्याचा आवाज आलाच नाही.

मी चित्राकडे बघितलं. बाई जागेवर होती. पाठमोरीच. फक्त किटलीचं झाकण लागलेलं होतं.

मी धावत घरी गेले. सासूबाई वरच्या खोलीत खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. दाराकडे पाठ.

"दार लाव. गार येतंय."

"आई... कुणी आलं होतं?"

"आली होती. मागे उभी होती. मानेला वाफ लागत होती."

"मग?"

"मग काय? वळले नाही." त्यांचा आवाज दगडासारखा. "पंचावन्न वर्षं मी तिची पाठ बघितली. आता तिनं माझी बघावी. तोंड दाखवायचं असेल तर समोर यावं."

मी झाकणाचं सांगितलं.

"म्हणजे मिळालं तर तिला पाणी," एवढंच म्हणाल्या.

रविवारी मिरेक आला. टोपी हातात.

"स्तेफान्याबाई, मी चेहरा पाहिलाय. सांगतो. डोळे कसे, हनुवटी कशी, सगळं. तुम्ही काढा."

सासूबाईंनी काठी उचलली.

"खबरदार! आई माझी आहे. तुझ्या तोंडून नको मला."

तो गेला. त्यानंतर कुणालाच त्यानं काही सांगितलं नाही. मी पुष्कळदा खोदून विचारलं, दारू पाजून विचारलं. नाही.

फादरनी पुन्हा शिडी लावली नाही. बिशप येणार त्या दिवशी चित्रासमोर फुलांचा मोठा गुच्छ आडवा ठेवला होता. बिशपनी तो उचलायला लावला, गुडघ्यावर बसले, आणि क्रूसाची खूण करून गेले.

त्यानंतर तिसऱ्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. सकाळी मी वर गेले तर त्याच खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून, डोळे उघडे. काच बर्फाच्या नक्षीनं पांढरी झाली होती. फक्त मधोमध एक जागा मोकळी होती. ओली. चेहऱ्याएवढी.

खिडकी वरच्या मजल्यावर आहे. बाहेर उभं राहायला काही नाही. खाली बर्फ जसाच्या तसा.

त्यांच्या मांडीवर कागद होता, हातात पेन्सिल. टोक नवं, कागद कोरा.

पाहिला असेल चेहरा, तर त्यांनी तो कुणालाही दिला नाही.

आता नवे फादर आलेत. परवा म्हणाले, या मातेला एखादा चेहरा असता तर बरं झालं असतं, नाही? मी म्हटलं, शिडी देते, चढा. ते हसले. मी हसले नाही.

चर्चला मी अजूनही जाते. पण पहिला बाक सोडलाय. शेवटच्या बाकावर बसते, पाठ भिंतीला टेकवून.

भिंत दगडी आहे. हिवाळ्यात बर्फासारखी गार असते.

तरी कधीकधी... मानेपाशी तेवढीच ऊब लागते.

मी वळत नाही.