सात सेंटीमीटरची पट्टी

टीव्ही घ्यायला गेलेला माणूस चित्र बघतो. कृष्णकांत चित्राच्या वरचं आणि खालचं काळं बघत होते. चेन्नईतल्या वेलाचेरीच्या त्या दुकानात बापलेकीचा हा दुसरा शनिवार होता आणि कीर्ती मेटाकुटीला आली होती.

बाबा भुसावळला रेल्वेत बांधकामाकडे इन्स्पेक्टर होते. पुलाखालून गाडी निघेल की अडकेल, हे टेप लावून बघण्यात उभी हयात गेलेली. रेल्वे इन्स्टिट्यूटचा उन्हाळी सिनेमाही त्यांच्याचकडे असे. रुंद सिनेमा आला की पडद्यावर वर-खाली उरलेली पांढरी जागा ते स्वतः शिडीवर चढून काळ्या कापडाने झाकत. चित्राला काठ हवा, नाहीतर ते सांडतं, असं त्यांचं ठाम मत.

आई गेल्यावर ते चेन्नईला कीर्तीकडे आले, पण रमेनात. तमिळ कळत नाही, उकाडा सोसत नाही, मुलगी गिंडीच्या बँकेत जाते ती संध्याकाळी सातला उगवते. पुण्याहून अनिकेतने, तिच्या धाकट्या भावाने, सांगून टाकलं होतं की महिनाभर बघू, नाहीतर मी त्यांना घेऊन जातो. कीर्तीला बाबा जायला नको होते. एकटीने जेवून जेवून तिला वीट आला होता. म्हणून हा टीव्हीचा घाट.

रुंद सिनेमाच्या वर-खाली उरणाऱ्या काळ्या पट्ट्या परवडणाऱ्या सगळ्या टीव्हींवर राखाडी दिसत होत्या. बाबा एकेकासमोर उभे राहत, नाक मुरडत आणि पुढे सरकत. शेवटी कोपऱ्यात मांडून ठेवलेला मागच्या वर्षीचा एक सेट त्यांना दिसला. त्रेचाळीस इंची, किंमत जवळजवळ निम्मी. त्याच्या पट्ट्या इतक्या काळ्या होत्या की दुकानातल्या दिव्यांचं प्रतिबिंबसुद्धा त्यांत पडत नव्हतं.

विक्रेता मुरली तंजावरकडच्या मराठी घरातला. यांचं बोलणं ऐकून तो आपल्या जुन्या, तमिळ चालीच्या मराठीत हळूच म्हणाला, "हा दोनदां परत आला, अप्पा. कारण कोणी सांगत नाही. घरांत इतकं काळं कशाला?"

"काळं म्हणजे काळंच पाहिजे," बाबा म्हणाले.

टीव्ही आला आणि घराची कळाच बदलली. बाबा दुपारी सिनेमा लावू लागले, रात्री एक पोळी जास्त खाऊ लागले, कुठला नट कुठे चुकला ते कीर्तीला ऐकवू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी स्टीलच्या टेपने पट्ट्या मोजल्या. वर सात सेंटीमीटर, खाली सात. हिशेब चोख असल्याचं त्यांना मनापासून समाधान वाटलं.

पाचव्या दिवशी ते म्हणाले, आठ. कीर्तीने समजावलं की प्रत्येक सिनेमाची रुंदी वेगळी असते. ते म्हणाले, सिनेमा तोच आहे. तिने टेप घेतला. आठ भरले. तिने सगळ्या सेटिंग्ज मूळ जागी नेल्या, तारा काढून पुन्हा लावल्या. दुसऱ्या दिवशी साडेआठ. माणसं चपटी झाली नव्हती, कुणाचं डोकं कापलं गेलं नव्हतं, पाय जमिनीवर होते. सगळं पुरतं होतं आणि जागा मात्र कमी होती. हे कसं शक्य आहे, याचा तिने बँकेत दिवसभर विचार केला आणि दोन व्हाउचर चुकवली.

त्याच आठवड्यात बाबा दारातून जाताना मान वाकवू लागले.

उंची त्यांची साडेपाच फूट. वर हातभर मोकळं. तरी ते वाकत, आणि पायही उंच उचलून टाकत, जणू वाटेत काहीतरी आडवं पडलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नजर उत्तम आहे. घरी आल्यावर तिला चौकटीवर खडूच्या रेघा दिसल्या. वर तीन, प्रत्येक आधीच्या रेघेहून खाली. फरशीलगत तीन, प्रत्येक आधीच्या रेघेहून वर. तिने विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "इतकंच मिळतंय आता. माहीत असलेलं बरं."

कीर्ती घाबरली. आणि तिला स्वतःचा रागही आला, कारण हे लाड तिनेच पुरवले होते. तिने दुकानात फोन केला आणि शनिवारी मुरली स्वतः टेम्पो घेऊन आला. त्याने तक्रार काय, हे विचारलंच नाही. सेट खोक्यात भरताना फक्त म्हणाला, "घरांत किती जण?"

"दोघं," ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि चिकटपट्टी मारली.

भिंत मोकळी झाली. बाबांनी कुरकुर केली नाही. कीर्तीला त्या रात्री गाढ झोप लागली.

रविवारी सकाळी अकराला अनिकेतचा व्हिडिओ कॉल आला. ती खुर्चीत बसली होती. बाबा मागे उभे होते, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

"ताई, फोन नीट धर. वर-खाली काळं येतंय."

तिने फोन आडवा केला, उभा केला, काच पुसली.

"तसंच आहे. बाबा कुठेत?"

"हे काय, मागे उभे आहेत."

"नुसता हात दिसतोय."

बाबांनी हात काढला. गुडघ्यांवर जोर देत ते खाली फरशीवर बसले आणि तिच्या हातातला फोन त्यांनी खाली वळवून घेतला. "आता?"

"हां, आता दिसलात." अनिकेतला हायसं वाटलं. मग तो तिकिटाचं बोलू लागला. महिना झाला, गुरुवारी घ्यायला येतो, तिथे माणसांत राहाल.

"नको येऊस," बाबा म्हणाले. "मी इथेच राहतो. दारातून मला आता निघता यायचं नाही."

एखाद्या पुलाबद्दल सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

हेच ऐकायला कीर्ती महिनाभर आसुसली होती. आता मात्र ते पुण्याला गेले तरी चालेल, पण इथून बाहेर पडू देत, असं तिला आतून वाटलं. तिने फोन आपल्याकडे वळवला.

"अनिकेत, तू ये. गुरुवारी नको, आजच ये."

पडद्याकडे झुकून तो काहीतरी शोधत होता.

"येतो," तो म्हणाला. "पण ताई, आधी तूही खाली बस. मला तुझे डोळे दिसत नाहीयेत."