चालू कॉम्प्युटरची तक्रार

जिन्याच्या वळणावर आधी मला कॉम्प्युटर दिसला, माणूस नंतर.

काळा डबा छातीशी कवटाळलेला, त्यावर हनुवटी टेकलेली आणि मागची वायर पायरीपायरीवर आपटत येतेय... त्याच वायरवर त्याचा पाय पडणार, एवढ्यात मी ओरडले, "थांबा!"

तो थांबला. एक पाय हवेतच.

"ताई, जरा बाजूला होता का? मला खालचं काही दिसत नाहीये."

"म्हणूनच थांबवलं." मी वाकून वायर उचलली, गुंडाळली आणि डब्यावर ठेवली. "एवढ्या घाईत कुठं?"

"दुरुस्तीला. कोपऱ्यावर दुकान आहे ना, तिथला मेकॅनिक फार हुशार आहे म्हणे."

"बरोबर ऐकलंत. पण दुकान आत्ता बंद आहे."

"बंद?" त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "तुम्हाला काय माहीत?"

"किल्ली माझ्याकडे आहे."

पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचा प्रिंटर नीट करून मी वर गच्चीतली केबल बघायला निघाले होते. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती, कपाळावर शाईचा डाग. त्यानं पिशवीकडे बघितलं, मग डागाकडे, मग माझ्याकडे. लोक इथं हमखास विचारतात, 'म्हणजे तुम्ही स्वतः करता?' पाच वर्षांपूर्वी बाबांनी दुकान माझ्या हाती दिलं, तेव्हापासून मी या प्रश्नाचं उत्तर देतेय.

त्यानं मात्र विचारलं, "पाचच्या आत होईल?"

मला तो तिथंच थोडासा आवडला. थोडासाच हं!

"वर चला," मी म्हणाले. "दोष मशीनचा आहे की घराचा, हे मशीन जागेवर असल्याशिवाय कळत नाही."

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत गवतच गवत होतं. कागदावर चिकटवलेलं, काचेखाली ठेवलेलं, भिंतीवर रंगवलेलं. त्याच्या मधोमध खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, जाड भिंगाचा चष्मा आणि ताठ कणा.

"आत्या, या दुरुस्तीसाठी—"

"दिसतंय की! पिल्लू, आधी तो डबा खाली ठेव. पाठ धरेल."

सहा फुटांचं पिल्लू कानापर्यंत लाल झालं. मी हसू दाबत टेबलाखाली शिरले.

प्रकार असा होता. आत्यांनी तीस वर्षं रानोमाळ हिंडून गवताच्या दोनशे बारा जाती गोळा केल्या होत्या. भाच्यानं सात वर्षं खपून त्यांची चित्रं काढली होती. पुस्तक पूर्ण झालं होतं आणि याच डब्यात होतं. छापखान्यानं दोनदा मुदत वाढवून दिली होती. आज पाचला फाइल पोहोचली नाही, तर पुस्तक पुढच्या वर्षावर जाणार होतं.

"आणि पुढच्या वर्षी माझ्या डोळ्यांना किती दिसेल, ते डॉक्टरही सांगत नाहीत," आत्या सहज म्हणाल्या. जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होत्या.

भाचा खिडकीबाहेर बघायला लागला.

"दुसरीकडे कॉपी?" मी विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"होईल," मी म्हणाले.

"बघते म्हणा हवं तर," तो हळूच म्हणाला. "उगाच आशा नको."

"बघते म्हणायची मला सवय नाही."

मी टेबललॅम्प काढून त्याच सॉकेटमध्ये लावला. लख्ख उजेड पडला, म्हणजे घराचा दोष नाही. स्क्रीनची वायर काढून डब्याला जोडली, त्यानं बटण दाबलं— शांतता. मागचा छोटा स्विच चालूच होता. मग स्क्रू काढून डब्याची बाजू उघडली, तशी सात वर्षांची धूळ भसकन तोंडावर आली. तो शिंकला. मी शिंकले. आत्या म्हणाल्या, "अरे, आळीपाळीनं!"

धुळीच्या आत, बोर्डावर, एक बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"तो बघा! जीव आहे अजून."

तो माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला. इतका जवळ, की त्याच्या बाहीवरचा रंगाचा वास मला आला.

"आता काय करायचं?"

"प्रत्येकाला एकेकटं विचारायचं, बाबा रे, तुझं काय बिघडलंय? पहिला नंबर वीज पुरवणाऱ्या पेटीचा." मी बोर्डात खोचलेला मोठा प्लग उपसून काढला. त्यातली हिरवी आणि काळी वायर जोडायला काहीतरी हवं होतं. पिशवीत तार सापडेना, म्हणून केसांतली पिन उपसली. अंबाडा सुटून खांद्यावर आला. पिन दोन भोकांत अडकवली आणि पेटीचा पंखा भिर्रर्र फिरायला लागला.

"पेटी निर्दोष." मी वळून बघितलं, तर तो पंख्याकडे बघतच नव्हता.

"पंखा तिकडे आहे," मी म्हणाले.

"हो... हो, बघतोय ना."

मागून आत्यांचं खोकणं ऐकू आलं. त्यांना खोकला नव्हता.

सगळं पुन्हा जोडलं. आता राहिला बोर्ड, आणि बोर्ड गेला असता तर मात्र पाचची गोष्ट विसरायची होती. माझ्या तळव्यांना घाम आला होता. मी तो दाखवला नाही. पुढच्या बटणाच्या दोन बारीक वायरी बोर्डावरून उपटल्या आणि उघड्या पडलेल्या दोन टाचण्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक अलगद टेकवलं.

टुक्.

पंखे घोंगावले. एक बारीकशी शिट्टी वाजली. स्क्रीन निळा झाला.

"नुसतं बटण?" तो जवळजवळ ओरडलाच. "अख्खा कॉम्प्युटर धडधाकट, आणि नुसतं बटण गेलेलं?"

"कोण दाबायचं एवढ्या जोरात?"

आत्यांनी चष्मा पुसायला घेतला. "मला वाटायचं, जोरात दाबलं की लवकर सुरू होतो."

हसता हसता मी शेजारच्या छोट्या बटणाची वायर मोठ्याच्या जागी बसवली. "आता हे दाबायचं. हळू! आणि तुम्ही, आधी फाइलची कॉपी करून घ्या. सात वर्षं एकाच डब्यात ठेवतं का कुणी?"

"चुकलं." त्यानं मुकाट्यानं पेनड्राइव्ह लावला. पावणेचारला फाइल छापखान्यात पोहोचली होती. आत्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दारापर्यंत तो सोडायला आला.

"एक विनंती होती. जिन्यात मी तुम्हाला ताई म्हणालो..."

"हो, म्हणालात."

"तेवढं मागे घेता येईल का?"

"विचार करते," मी म्हणाले आणि जिना उतरले. खाली आल्यावर आठवलं, केबल बघायची राहिलीच! पुन्हा तीन मजले चढताना त्याच्या दाराशी मात्र मी चवड्यांवर चालले.

चार दिवस काही नाही. मी कामाला लागले, किंवा तसं दाखवत राहिले. दोन महिन्यांपूर्वी एका स्थळानं चहा पितापिताच सांगितलं होतं, 'लग्नानंतर हे स्क्रूड्रायव्हर वगैरे बंद करावं लागेल.' आईला वाटलं होतं, मी विचार करेन. मी तिथंच नाही म्हटलं होतं. त्यामुळे कुणी बघितलं म्हणून विरघळून जायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"मी... गवतवाला."

"बंद पडला?"

"नाही. छान चालू आहे. एका दाबात सुरू होतो."

"मग?"

"तीच तक्रार आहे. रोज सकाळी वाटतं, आज तरी पडेल बंद. पडतच नाही. तुम्ही फार चांगलं काम करून ठेवलंय."

मी फोन तोंडापासून लांब धरला, हसू ऐकू जाऊ नये म्हणून. "तक्रार फोनवर घेत नाही आम्ही. लेखी लागते."

दहा मिनिटांत तो दुकानात हजर! धापा टाकत, हातात चार घड्यांचा कागद. मी तो काउंटरवर पसरला. सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'मशीन उत्तम आहे. मालक बिघडला आहे. कामात लक्ष नाही, कालच्या गवताला चुकून अंबाडा काढला. कृपया लवकर बघावे.'

मी वर बघितलं. तो हसत नव्हता. कानांपर्यंत लाल होऊन, पण सरळ माझ्या डोळ्यांत बघत उभा होता.

"मला तुम्ही आवडलात," तो म्हणाला. "बंद पडल्याचं खोटं सांगून बोलवता आलं असतं. पण खोट्यानं सुरुवात नको वाटली."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. दुकानात पंखा फिरत होता... आणि मला जाणवलं, की घाबरायला हवं तिथं मी अजिबात घाबरलेली नाही.

"एक आधीच सांगते," मी म्हणाले. "हे दुकान माझं आहे. संध्याकाळी सातपर्यंत मी इथंच असते. नखांत धूळ असते. यातलं काहीही बदलणार नाही."

"बदलू नकाच. माझ्या नखांत रंग असतो." त्यानं दोन्ही हात काउंटरवर ठेवले. खरंच, हिरवा रंग होता. "आणि सातपर्यंत मीही कुठं मोकळा असतो? आत्या सोडत नाही."

"आत्यांना माहीत आहे?"

"कागद तिनंच दोनदा दुरुस्त केला. पहिल्यात म्हणे मुद्दाच नव्हता."

मी मोठ्यानं हसले. मग ड्रॉवरमधून पेन काढलं आणि त्याच्या अक्षराखाली माझ्या गिचमिड अक्षरात लिहिलं: 'तक्रार रास्त. पण हा बिघाड दोन्हीकडे आहे.' कागद त्याच्याकडे सरकवला.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हणजे... तुम्हालाही?"

"हो," मी म्हणाले. "मलाही. आणि आता बस की, उभा का आहेस तू?"

त्या 'तू'वर तो असा थबकला, की स्टूल शेजारी असूनही त्याला सापडेना. शेवटी मीच त्याचा हात धरून त्याला बसवलं, आणि मग हात सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.