सासऱ्याच्या कपाटातला कॅमशाफ्ट

मयुराचं लग्न शुक्रवारी मोडलं. होणाऱ्या सासऱ्यानं तिच्या जीपचा कॅमशाफ्ट चोरला, म्हणून मोडलं. वाचलं असेल तर विसरा. शुक्रवारी असं काहीही झालं नाही.

झालं ते एवढंच, की मयुरानं धरमपेठेत धम्मानंद गुप्तहेराच्या टेबलावर दोन तेलकट कॅमशाफ्ट आपटले. व्हॉल्व्ह उघडणारे, उंचवट्यांचे दांडे. मदतनीस उन्मेषचा चहा सांडला.

"हा जीपमधला. व्हॉल्व्हची लिफ्ट, म्हणजे उघडायची उंची, वाढवाले कळमेश्वरले घासून आणला. मारोतरावांनी, म्हणजे माह्या होणाऱ्या सासऱ्यांनी, खंडेनवमीले बसवला. तेव्हापासून जीप टकटक करून राहिली, चढावर दमते. मी तो काढला. अन् हा दुसरा त्यांच्या कपाटात सापडला, चिंधीत! माझा लपवून भंगार बसवला. रविवारी साक्षगंध आहे. चोराच्या घरी मी नाही जात."

उन्मेषनं व्हर्नियर लावला. "कपाटातला उंचवटा छत्तीस मिलिमीटर, जीपमधला पस्तीस. कपाटातलाच दमदार. केस संपली."

धम्मानंद कपाटातल्या दांड्यावरचं तेल नखानं खरवडत होता. खाली गंजाचे खड्डे होते.

"जीप रोज चालवतेस वं?"

"रोज. खापरखेड्याले ड्युटी आहे माही."

मग तिघं मारोतरावांच्या गॅरेजात गेले.

"कपाटातला हा कोणाचा?" धम्मानंदनं विचारलं.

"आठवत नाही गा. फेकवत नाही म्हणून ठेवला."

उन्मेषनं हा कबुलीजबाब धरला. फळीवर फट मोजायचं फिलर गेज होतं. त्याच्या पातळ पट्ट्या वाळलेल्या कुंकवानं एकमेकींना चिकटल्या होत्या. उन्मेषनं नमस्कार केला.

शेजारचा पंक्चरवाला ओमप्रकाश न विचारताच बोलला, "नवमीले माझे नट-बोल्टचे पाने मागून नेले यानं. याची हत्यारं पूजेत, हात लावला तर पाप! माझ्या हत्यारांचं पाप कोणाले?"

धम्मानंदनं सगळ्यांना स्टुलांवर बसवलं.

"उन्मेष, तू नुसती उंची मोजली. लिफ्ट म्हणजे उंचीतून खालच्या गोलाचा व्यास वजा. कपाटातला छत्तीसातून तीस, सहा. जीपमधला पस्तीसातून अठ्ठावीस, सात. गोल घासून लहान केला, म्हणून लिफ्ट वाढली. घासलेला तोच, मयुराचा तोच."

"अन् हा कपाटातला?" उन्मेषनं विचारलं.

"रोज तेलात फिरणाऱ्या दांड्याले असे खड्डे पडत नाहीत. हा वर्षानुवर्षं पडून आहे."

"मग टकटक काहून?" मयुरानं विचारलं.

"गोल लहान झाला की दांडा अन् टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा तुकडा, यांच्यातली फट वाढते, ते टकटक. अन् ती फटच वाढलेली लिफ्ट खाऊन टाकते, म्हणून जीप दमते. गेज घालून टॅपेट नव्यानं सेट करा लागते. पण गेज पूजेत, कुंकू अजून तसंच. पाने मागून आणता येतात. पंक्चरवाल्याकडे गेज कुठलं?"

मारोतरावांच्या मिशा खाली आल्या. "बोटानं अंदाज घेतला. सुनेले कसं सांगू?"

मयुरा खो खो हसली. "मामाजी, चोर असते तर परवडलं असतं. चोराले टॅपेट तरी सेट करता आले असते!"

शनिवारी मारोतरावांनी दांडा बसवला, धुतलेलं गेज लावलं. जीप मांजरासारखी गुरगुरली. रविवारचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरल्याप्रमाणेच होणार होतं. तरी त्या दिवशी मयुरानं जमलेल्या पाहुण्यांसमोर इंजिन फट मोजण्याइतकं थंड होऊ दिलं आणि एकेक फट स्वतः तपासली.

मारोतरावांनी उन्मेषला कोपऱ्यात नेऊन अर्ज लिहायला लावला:

"प्रति, मा. जिल्हाधिकारी, नागपूर. सासऱ्याने सेट केलेले टॅपेट होणाऱ्या सुनेने पाहुण्यांदेखत पुन्हा तपासू नयेत, असा आदेश जिल्ह्यात तात्काळ लागू करावा व त्याची एक प्रत सुनेस समक्ष द्यावी, ही नम्र विनंती."