पाठकोरा गठ्ठा

सगळं सुरू झालं तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. सकाळचे. वेळ पक्की आहे, कारण शेवटचा कोरा कागद संपला तेव्हा ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं. पाच वाजता फिल्म मॅडमच्या हातात द्यायची होती. पाच तास चाळीस मिनिटं उरली होती, चोवीस चित्रं बाकी होती, आणि कागद एकही नव्हता.

ताई म्हणजे कुणाची सख्खी ताई नव्हे. हलती चित्रं शिकवणाऱ्या त्या कॉलेजात बाकी सगळी पोरं विशीतली, मिसरूड फुटलेली नाहीतर नुकती फुटणारी. ही एकटीच लग्न झालेली आणि पाच वर्षांच्या लेकीची आई, म्हणून वर्गाने तिला ताई करून टाकलं. लेकीला सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी दोन मिनिटं ठरली तर शपथ. त्या दिवशी पाळणाघर बंद होतं आणि सासूबाईंनी सकाळीच हात वर केले होते.

"मी गुडघे शेकू का हिच्यामागे पळू? घेऊन जा तुझ्याबरोबर. तू तिथे चित्रं हलवत बसतेस ना, ही तर न हलवता हलते."

म्हणून भिंगरी कॉलेजातल्या चित्रांच्या खोलीच्या कोपऱ्यात सतरंजीवर मातीचा गोळा घेऊन बसली होती.

ताईची फिल्म चार मिनिटांची. एक मुलगी शाळेतून घरी जायला निघते आणि वाटेत चार जगं ओलांडते. पहिल्या जगात ती मातीची असते. दुसऱ्यात जाड पुठ्ठा कापून केलेली, हातापायांचे सांधे दोऱ्याने बांधलेली. तिसऱ्यात मेणाच्या खडूने रंगवलेली. आणि शेवटी नुसती पेन्सिलची, कागदावर, एकेक चित्र काढून चालवलेली. मॅडम आधी म्हणाल्या होत्या, "चार भाज्या एका पातेल्यात घालू नकोस. धड एकीचीही चव लागायची नाही."

"मॅडम, मूल दिवसात चार वेळा बदलतं," ताई म्हणाली होती. "एकदा घरी या, दाखवते."

मॅडमना हसू आलं आणि परवानगी मिळाली. फिल्ममधली मुलगी अर्थातच भिंगरीवरून काढलेली. तीच एक सुटलेली वेणी, तीच पावलं आत टाकायची सवय.

आता शेवटचा प्रसंग राहिला होता. लांब व्हरांडा, टोकाला घराचं दार, मुलगी चालत चालत दारापाशी येते. एवढंच. साठ चित्रं झाली होती, चोवीस राहिली होती.

ताई जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत गेली. तिथले काका चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते.

"काका, तीन भोकं पाडलेले कागद द्या. चोवीस."

"कोरे संपले, बाई. सोमवारी येतील."

"सोमवारी त्यांचं काय लोणचं घालू? आज पाच वाजता द्यायचंय."

काकांनी मान खाजवली. मग फळीच्या मागून सुतळी बांधलेला एक गठ्ठा ओढून काढला. "हे पाठकोरे आहेत. एका बाजूला काढलंय, दुसरी बाजू कोरी. चालतील?"

गठ्ठ्याला ओल लागलेल्या ट्रंकेसारखा वास होता. ताईने वरचा कागद बघितला. एक बाई चाललेली. चेहरा अर्धवट, पण चाल फार सुंदर. एक हात खाली सोडलेला, दुसरा बाजूला, थोडा पुढे धरलेला.

"कुणाचं काम हे?"

"होती एक. तुझ्यासारखीच, लेकुरवाळी. बाईच्या हाताशी मूल काढायचं होतं म्हणे तिला. पाचशे कागद झाले, बाई चालतेच आहे, मूल काही काढलं नाही. मग एक दिवस ती यायचीच बंद झाली." काका सुतळी सोडत म्हणाले. "मूल आधीच गेलं होतं, असं नंतर कानावर आलं."

ताईला वाईट वाटलं. पण वाईट वाटून चोवीस चित्रं होत नाहीत. तिने गठ्ठ्यातले वरचे चोवीस कागद मोजून घेतले आणि वर आली.

चित्रांच्या त्या खोलीला खिडक्या होत्या, पण त्यांवर जाड काळे पडदे ठोकलेले होते. बाहेरचा उजेड आला तर कॅमेऱ्यात चित्रं लुकलुकतात. म्हणून बाहेर भर दुपार असली तरी आत रात्रच असायची. उजेड फक्त टेबलाचा. टेबलाला वर काच, काचेखाली दिवा, आणि काचेच्या वर तोंड खाली करून टांगलेला कॅमेरा. आधीचा कागद भोकं खुंट्यांत अडकवून खाली ठेवायचा, नवा त्याच्यावर. खालची रेघ वर उमटते. तिच्यापासून केसभर पुढे नवी रेघ काढायची, फोटो घ्यायचा, की मुलगी केसभर चालली.

पाठकोऱ्या कागदात एकच अडचण. मागच्या बाजूची बाईसुद्धा उजेडात दिसायची. पण ताई मनात म्हणाली, मला माझी रेघ कळत नाही होय? पंधरा वर्षं पोळ्या लाटल्यावर कुणी कणीक आणि मैदा यांत फसतं का? आणि हात चालू लागला.

एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. दिवा गुणगुणत होता. पेन्सिल कुरकुरत होती. कोपऱ्यात भिंगरीची बडबड चालू होती.

"आई, ही मातीत खेळत नाही."

"हं."

"नुसती उभी राहते."

"हं, हं."

सगळ्या आयांजवळ असा एक 'हं' असतो. तो कानातून येतो, डोक्याला त्याची खबर नसते.

सत्तर. एकाहत्तर.

"आई, हिचा हात गार आहे."

"मग सोड."

"मी सोडला... ती सोडत नाही."

"बरं. जरा वेळ धर मग," ताई म्हणाली. तिचं सगळं लक्ष मुलीच्या खांद्याच्या रेघेत होतं. खांदा हवा तिथे येत नव्हता, थोडा वर चढत होता. पण चाल मोठी मोहक वाटत होती. हात आपोआप सरकत होता, जणू वाट आधीच आखलेली असावी.

मागे चपलांचा आवाज झाला. टप. टप. मग तोही थांबला.

चौऱ्याऐंशीवं चित्र संपलं तेव्हा तीनला दहा कमी होती. ताईने बोटं मोडली, पाठ ताणली, आणि सगळी चित्रं कॉम्प्युटरवर एकापुढे एक पळवली.

मुलगी व्हरांड्यातून चालत आली. साठ चित्रांपर्यंत ठीक होतं. मग तिचा उजवा खांदा उचलला गेला. हात वर आला, बाजूला झाला, बोटं मिटली. तिने मान वर करून कुणाकडे तरी बघितलं. हसली. आणि घराच्या दाराकडे पाठ करून उलटी चालू लागली. तिच्या शेजारी, मागच्या बाजूने उमटलेली, फिकट, ती बाई.

हे ताईनेच काढलं होतं. तिच्याच हाताने, चोवीस कागदांवर.

"भिंगरी...?"

सतरंजीवर मातीचा गोळा होता. खोलीचं दार उघडं होतं.

ताई बाहेर धावली. व्हरांडा लांबलचक, दोन्हीकडे बंद वर्ग, टोकाच्या खिडकीतून पांढरं ऊन. आणि त्या उन्हाच्या अलीकडे भिंगरी. पाठमोरी. उजवा हात बाजूला वर केलेला, मोठ्या माणसाचा हात धरताना मुलं करतात तसा. शेजारी कुणी नव्हतं.

"भिंगरी! इकडे ये!"

मान वळली नाही. ताई पळाली. चांगली पळाली, धाप लागेपर्यंत. पण अंतर तेवढंच राहिलं. नवशिक्या पोरांच्या चित्रात पाय चालतात आणि मागची भिंत हलवायची राहून जाते, अगदी तसं. मग तिच्या लक्षात आलं की लेकही चालत नाहीये. एक पाय उचललेला, टाच हवेत, आणि तशीच थांबलेली. सुटलेली वेणीसुद्धा हवेत थांबलेली.

चौऱ्याऐंशीव्या चित्रात मुलगी अशीच उभी होती.

दुसरी कुणी असती तर तिथेच मटकन बसली असती. पण ताईला एक गोष्ट कळली. लेक चित्रं संपली तिथे थांबली आहे. म्हणजे पुढचं चित्र ज्याच्या हातात, त्याच्या हातात ती आहे. आणि चित्र काढणं तर आपल्याला येतं.

ती खोलीत परतली. आधी रबर घेतलं. मुलीचा वर आलेला हात खोडला. स्वतःची रेघ गेली, पण खालची बाईची रेघ तशीच. ती मागच्या बाजूला होती. रबर तिथवर पोचत नव्हतं. नवा हात काढू म्हटलं तर पेन्सिल पुन्हा त्याच वाटेने घसरायला लागली. कागद फाडायला तिने कोपरा धरला, आणि बाहेरून, लांबून, बारीक आवाज आला, "आई गं..."

तिने कोपरा सोडला.

मग तिने डोळे मिटले आणि स्वतःलाच शिकवल्यासारखं सांगितलं. ही बाई रेघेत आहे. रेघ उजेडातून येते. ज्यातून उजेड जात नाही, त्यातून ही येणार नाही.

खोक्यात दुसऱ्या जगातली मुलगी होती. जाड पिवळ्या पुठ्ठ्याची, दोऱ्याच्या सांध्यांची. ताईने काचेखालचा दिवा बंद केला आणि वरचा लावला. कागदातली बाई पुसट झाली. मग तिने ती पुठ्ठ्याची मुलगी पेन्सिलच्या मुलीवर बरोबर ठेवली. पायावर पाय, वेणीवर वेणी. फक्त हात मात्र खाली सोडलेला.

फोटो घेतला. टच.

व्हरांड्यात काहीतरी हललं.

आता घाई करून चालणार नव्हतं. चालण्याची एक रीत असते. आधी टाच टेकते, मग अंग किंचित खाली बसतं, मग उचलतं. एखादं पाऊल गाळलं तर चित्र घसरतं. ताईने पुठ्ठ्याच्या मुलीला दाराकडे वळवलं. खालची पेन्सिलची मुलगी जिथे उघडी पडली तिथे रबराने पुसली. टाच. टच. बाहेर टप. अंग खाली. टच. अंग वर. टच. बाहेर पुन्हा टप.

एकदा तिचं कोपर टेबलाला लागलं आणि बाहुली दोन बोटं मागे सरकली. बाहेर पावलं फरफटत मागे गेली. आणि काचेखालचा दिवा बंद असतानाही कागदातली ती बाई जरा ठसठशीत झाली.

"नाही हं," ताई दातांवर दात ठेवून म्हणाली. "तुझं दुःख मला कळतं. पण ही माझी आहे."

बाहुली जागेवर आणली. टाच. टच. टप. घाम नाकाच्या शेंड्यावर आला तरी तिने पुसला नाही. बाहुली कागदावरच्या दारात पोचली तेव्हा बोटांना मुंग्या आल्या होत्या.

"आई," मागून आवाज आला. भिंगरी उंबऱ्यात उभी होती, गाल फुगवून. "तू किती हळू बोलावतेस गं!"

ताईने तिला असं कवटाळलं की ती ओरडली, "अगं, चिरडशील!" मग एका हाताने लेकीला घट्ट धरून, दुसऱ्या हाताने फिल्म जोडून, पाचला पाच कमी असताना ताईने ती मॅडमच्या टेबलावर ठेवली. तो शेवट बदलायला वेळच नव्हता.

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या सभागृहात सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. घरचे लोक आले होते, पोराबाळांसकट. सासूबाई पहिल्या रांगेत. ताईची फिल्म लागली. पेन्सिलच्या व्हरांड्यात अचानक पिवळी पुठ्ठ्याची मुलगी आली तेव्हा मॅडम शेजारच्या सरांना म्हणाल्या, "धाडस बघा हिचं! शोभलं की नाही?" मुलगी दारात गेली. पडद्यावर ती बाई तेवढी राहिली, फिकट, हात बाजूला धरून. मग पडदा काळा झाला आणि टाळ्या वाजल्या. सासूबाईंच्या सगळ्यात मोठ्या.

टाळ्या थांबल्या. दिवे लागायचे होते. त्या अंधारात तिसऱ्या रांगेतून एका लहान मुलीचा आवाज आला. अगदी शहाण्यासारखा, हळू.

"थांब हं... बूट घालते."

"दिवे लावा!" ताई किंचाळली. "आधी दिवे लावा!"

दिवे लागले. चार वर्षांची एक मुलगी खुर्च्यांमधल्या वाटेत उभी होती, दाराकडे तोंड करून. तिची आई धावत आली, तिला उचललं आणि पायांकडे बघतच राहिली.

"बूट कुणी घातले हिला? मी काढून पिशवीत ठेवले होते... आणि हिला लेस बांधता येत नाही हो!"

दोन्ही लेस बांधलेल्या होत्या. नीट, दुहेरी गाठ मारून, टोकं आत खोचून. आई लेकराला लांबच्या वाटेला नेताना बांधते तशा.

दुसऱ्या दिवशी ताई काकांकडे गेली. गठ्ठा फळीवर नव्हता. पहिल्या वर्षाच्या पोरांना सरावाला वाटून टाकला, काका म्हणाले, चांगला कागद वाया कशाला घालवायचा. कोणी कागद घरी नेले, कोणी धाकट्या भावंडांना चित्रं काढायला दिले. किती परत आले ते कुणालाच माहीत नाही.

म्हणून हे इथवर ऐकलंत तसं पुढेही सांगा. ज्यांच्या घरात चित्रं काढणारं कुणी आहे, त्यांना तर आधी सांगा. तीन भोकांचा पाठकोरा कागद हाती आला तर उजेडाला लावण्याआधी उलटून बघा. एक बाई चाललेली दिसली, हात बाजूला धरलेली, तर दुसऱ्या बाजूला काहीही काढा. झाड काढा, घर काढा. मूल तेवढं काढू नका.