फाटकवाला बाहेर येईना

व्यापाऱ्याचा टेम्पो संध्याकाळी येणार होता, म्हणून जेवणं झाल्याझाल्या तिन्ही पोरं टेबलाखाली शिरली.

टेबलावर बाबांची आगगाडी होती. रूळ, पूल, सिग्नल आणि फाटकाशेजारी पत्र्याची चौकी. गाडी जवळ आली की चौकीचं दार उघडायचं आणि बोटाएवढा फाटकवाला कंदील घेऊन बाहेर यायचा. बाबांच्या लहानपणापासूनचा तो. बाबा थंडीत वारले. मग काकांनी टेबल वरच्या खोलीतून खाली आणलं, सगळं नीट बसवून दिलं, आणि तेव्हापासून गाडी धावायची, पण फाटकवाला काही बाहेर यायचा नाही.

जुन्या वस्तूंचा व्यापारी बघून गेला होता. बघून म्हणजे काय, चहा पीत लांबूनच मान हलवली. त्याला बाहेर ढकलणारी आतली कॉइल जळली, आता असले भाग मिळत नाहीत, मीच घेऊन जातो, असं म्हणाला. आईने होकार दिला. ताईने कारण विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "तो बाहेर येत असता तर ठेवली असती गं. नुसती गाडी फिरते आणि तो येत नाही, हे मला बघवत नाही."

हे ऐकून ताईला रडू यायला हवं होतं. आलं नाही. बाबा गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं, सुट्टी लागली तेव्हाही नाही. धाकटा पिटू तर एकदाही रडला नव्हता. पाहुणे त्याला समजूतदार म्हणायचे. समजूतदार कसला, दगड झाला होता पोराचा.

तिसरी होती काकांची मुलगी, सुट्टीला आलेली. कशालाही पुरावा मागायची म्हणून तिला सगळे वकील म्हणत. जळलेल्या कॉइलला वास येतो, हिला कुठे येतोय, असं म्हणत तिने चौकीत नाक खुपसलं आणि धूळ जाऊन सटासट शिंकली. एरवी पिटू हसून लोळला असता. आता त्याने नुसता रुमाल पुढे केला.

गाडीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं झाकण उघडायचं नाही, ही बाबांची सक्त ताकीद होती. ते कुणी उघडलं नाही. ताईने त्यातून निघालेल्या दोन बारीक वायरी सरळ चौकीला टेकवल्या. खट्! फाटकवाला बाहेर आला. म्हणजे कॉइल ठणठणीत होती आणि व्यापारी थापा मारत होता. मग वकिलाने सिग्नलचा दिवा काढून वायरीच्या वाटेत ठिकठिकाणी लावून पाहिला. दिवा सगळीकडे लागला. वायरही शाबूत.

राहिला रुळाखालचा स्विच. ताईने तो ओढून बाहेर काढला. पितळेचं एक पातं, बाकी काही नाही. बोटाने दाबलं की फाटकवाला बाहेर, सोडलं की आत. परत रुळाखाली सरकवून गाडी सोडली, तर फाटकवाला मख्ख!

"मग बिघडलंय तरी काय?" वकील वैतागली.

पिटू टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघत होता. "रूळ दबत नाहीये," तो म्हणाला. "आधी गाडी इथे आली की रूळ थोडा खाली जायचा."

तिघांनी वाकून पाहिलं. रुळाखाली लाकडाची एक पट्टी आणि वरून चार चकचकीत नवे स्क्रू. काकांचं काम! रूळ हलतो म्हणून त्यांनी तो पक्का केला होता. पण गाडीच्या वजनाने रूळ दबला तरच खालचं पातं टेकणार होतं. बाबांनी तो मुद्दाम सैल ठेवला होता. ताईने स्क्रू काढले, पट्टी उपसली आणि तेवढ्यात दारात टेम्पोचा हॉर्न वाजला.

व्यापारी दोरी घेऊनच आत आला. मागोमाग काका आणि आई. ताईने कळ फिरवली. गाडी पुलावरून उतरली, रूळ जरासा दबला, दार उघडलं आणि फाटकवाला कंदील घेऊन बाहेर आला.

व्यापारी कॉइलबद्दल काहीतरी पुटपुटला. वकिलाने त्याला काढलेली पट्टी दाखवली आणि आपल्या वडिलांकडे असं पाहिलं की काका ओशाळले. "घोटाळा माझाच म्हणायचा," ते म्हणाले. "शाब्बास रे पोरांनो!"

त्या शाबासकीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. गाडी फिरून आली, फाटकवाला पुन्हा बाहेर आला, आणि पिटू रडायला लागला. आधी आवाज नव्हता, मग हुंदके देऊन, मग अगदी गळा काढून. बाबा, बाबा, एवढंच म्हणत होता. काका घाबरून गाडी बंद करायला धावले.

आईने त्यांचा हात धरला. "राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "फिरू दे."

ती पिटूला मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. ताईही तिला चिकटून बसली. तिच्या पोटात इतक्या दिवसांनी काहीतरी दुखायला लागलं होतं, आणि ते दुखतंय याचंच तिला बरं वाटलं.