आलो, सोड

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गिअरचे सुटे भाग मोजायचे आणि पास किंवा रिजेक्ट करायचे, हे माझं काम. त्यामुळे घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा यादी मीच केली. धम्मरत्नला, माझ्या नवऱ्याला, विमान उडवायचा गेम खेळायचा होता. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. लोक हसतील म्हणून सोसायटीत त्याने सांगितलं की लेकीच्या, अंजलीच्या अभ्यासासाठी घेतोय.

त्याला पायलट व्हायचं होतं. बारावी झाल्या झाल्या वडिलांनी, साहेबरावांनी, त्याला कंपनीच्या प्रेसशॉपला, पत्रा दाबायच्या यंत्रांवर, चिकटवलं. तेव्हापासून हा माणूस रुसलेला. आधी वडिलांवर, ते गेल्यावर माझ्यावर. भाजीत मीठ कमी पडलं तरी गाडी शेवटी विमानावर यायची. प्रेसच्या दणक्याने त्याचा डावा कान पार गेला होता. त्याच्याशी बोलायचं तर उजवीकडे जावं लागे, भांडायचं असलं तरी. मला वाटलं, एक खेळणं आणून दिलं तर घरात दोन तास तरी शांतता मिळेल. पंधरा वर्षांत मी याहून जास्त काही मागितलं नव्हतं.

पिंपळे गुरवला अजिमचं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. चाळीस हजारांच्या वर जायचं नाही, असं मी आधीच सांगितलं.

"वहिनी, विमानाचा गेम मशीनचा घाम काढतो," अजिम म्हणाला. "चाळीसमध्ये नवीन घ्याल तर ढगातच अडकून बसेल. प्रोसेसर तगडा पाहिजे, रॅम बत्तीस पाहिजे. कार्ड मिडियम असलं तरी चालतंय."

मग त्याने फळीखालून एक काळा, धुळकट डबा ओढला. एक माणूस तो दुरुस्तीला टाकून गेला होता आणि वर्षभर फिरकला नव्हता. "फोन केला होता. घरचे बोलले, साहेब मजेत आहेत, पण त्यांना असला काही कॉम्प्युटर आठवत नाही. ठेवा तुम्हालाच, म्हणाले. विमानाचा गेम आहे त्यात, चालू कंडिशन."

मी झाकण काढून बघितलं. पंखा, कार्ड, रॅमच्या पट्ट्या, सगळं यादीप्रमाणे होतं. मी पास केलं.

गेम नेहमी एकाच ठिकाणी उघडायचा. धावपट्टीवर नाही, थेट हवेत. खाली चाकणच्या शेडचे निळे पत्रे, कांदा मार्केट, ट्रकच्या रांगा. विमान गोल गोल फिरत असायचं. "आधीच्या मालकाने अर्धवट सोडलंय," धम्मरत्न म्हणाला. एक कान गेलेल्याला हेडफोनचा काय उपयोग, म्हणून तो स्पीकर लावायचा. त्यामुळे तो आवाज मीही ऐकला. दमलेला, पुरुषाचा.

"रिलिव्हर आला का?"

"गेममध्ये मराठी?" मी विचारलं.

"ऑनलाइन असेल कुणीतरी. रश्मे, तू गप बस ना जरा."

नेटची लाइन मंगळवारी यायची होती. मी मागे वाकून बघितलं. डब्याला विजेची, पडद्याची, स्पीकरची आणि विमान चालवायच्या दांड्याची वायर होती. नेटची पाचवी नव्हती.

शुक्रवारी तो आवाज आला, शनिवारीही आला. रविवारी दुपारी चार वाजता मी हॉलमध्ये मेथी निवडत होते. अंजली खाली खेळायला गेली होती.

"रिलिव्हर आला का?"

कंपनीत एक रीत आहे. रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, मग शिफ्ट संपून तास होवो. येणारा खांद्याला हात लावून दोन शब्द बोलतो, तेव्हाच पहिल्याची सुटका. वीस वर्षं रोज हे दोन शब्द बोललेल्या माणसाला विचार करावा लागत नाही. धम्मरत्नने पडद्यावरची नजरही काढली नाही.

"आलो, सोड," तो म्हणाला.

स्पीकरमधून कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला.

धम्मरत्नचा हात दांड्यावरून खाली आला. त्याने बोटं उघडमीट केली, मान मोडली. मग घर बघितलं, छतापासून फरशीपर्यंत. शेवटी माझ्याकडे बघितलं.

"पाणी मिळेल का?" त्याने विचारलं. अगदी अदबीने.

मी त्याच्या डाव्या बाजूला होते. "घ्या की, माठ काय लांब आहे," मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

त्याला ते ऐकू आलं. तो "हो, हो" म्हणत उठला आणि त्याने न्हाणीघराचं दार उघडलं.

पुढच्या महिन्यात त्याच्या कंपनीत कामगारांची वार्षिक तपासणी झाली. डावा कान नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आधीचं यंत्र बिघडलेलं असणार. मी कपाटातून सहा वर्षांचे रिपोर्ट काढले. सहाही वर्षं तोच कान बाद होता, आणि यंत्रं तीन वेगळी होती.

हा माणूस वाईट नाही. तो ताट उचलतो. अंजलीला गणितं समजावतो, आवाज न चढवता. मी केलेल्या वांग्याला चांगलं म्हणतो. विमानाचं नाव काढत नाही, कॉम्प्युटरवर त्याने चादर टाकून ठेवली. "पप्पा किती छान झालेत ना गं," अंजली म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळसही आली.

एकदा पहिली शिफ्ट करून घरी आले. घरात कुणी नव्हतं. मी चादर काढली आणि बटण दाबलं.

विमान हवेत होतं. मी बाहेरून बघायचं बटण शोधलं. काचेआड पायलट दिसला. त्याने डोकं एका बाजूला वळवलं होतं, उजवा कान पुढे करून.

"रिलिव्हर आला का?"

आवाज धम्मरत्नचा होता.

माझ्या जिभेवर "आले" आलं. मीही कंपनीतलीच. मी तोंडावर हात दाबून धरला. मी गेले तर अंजलीचा डबा कोण भरणार?

दुसराही मार्ग होता. संध्याकाळी त्या माणसाला खुर्चीत बसवायचं आणि दोन शब्द बोलायला लावायचं.

"रिलिव्हर आला का? अरे, कुणी आहे का?"

मी मशीन बंद केलं.

संध्याकाळी तो आला. अंजलीच्या गणवेशाला इस्त्री करत बसला, गुणगुणत. मी दारात उभी राहून ते बराच वेळ बघत होते.

शनिवारी मी कॉम्प्युटरचा डबा अजिमकडे नेला. तो म्हणाला, मोशीचं एक गिऱ्हाईक तयारच आहे. चालतोय का बघायला त्याने वायरी जोडल्या.

"रश्मे," स्पीकरमधून आवाज आला. "रश्मे, चुकलं माझं. तिथं आहेस का?"

अजिमने चमकून माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं.

"कुणाचं तरी रेकॉर्डिंग राहिलंय, वहिनी. डिस्क पुसून टाकू का? आधीच सांगतो, पुसलं की काही परत येत नाही."

पायलटने उजवा कान काचेला लावला होता.

"पुसा," मी म्हणाले. अगदी हळू म्हणाले, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.