उजवी लॉबी

सभागृहात कोण काय बोललं ते शब्दाला शब्द लिहून घेणारी माणसं असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अध्यक्षांच्या आसनाखाली एक बुटकं टेबल असतं, तिथे ती बसतात. दर पाच मिनिटांनी एक उठतो, दुसरा बसतो, आणि उठलेला मागच्या खोलीत जाऊन आपली पाच मिनिटं टाइप करतो. समोर सदस्य एकमेकांच्या अंगावर धावून गेले तरी यांनी मान वर करायची नाही. कंसात ‘गोंधळ’ लिहायचं आणि पुढे जायचं. ताई हे काम एकोणीस वर्षं करत होती. ऐकलं ते लिहायचं, न ऐकलेलं लिहायचं नाही, एवढाच तिचा नियम. त्यापायी तिने तीन मंत्र्यांची नाराजी ओढवून घेतली होती, आणि त्याचा तिला थोडा ताठाही होता.

त्या दिवशी मात्र सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहात साखर दोनदा पडली, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधून झाला. आज मास्तरांच्या विधेयकावर मतं पडायची होती.

मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर, पहिल्यांदाच निवडून आलेले. आवाज असा, की मागच्या बाकावर डुलक्या घेणारेही सरळ बसत. त्यांचं विधेयक होतं चार कलमांचं, पण सगळा जीव चौथ्या कलमात होता: आत माणसं कामाला असताना दाराला बाहेरून कुलूप घालता येणार नाही.

ताईची धाकटी बहीण अशाच एका दारामागे गेली. शिवणाचा कारखाना, भर दुपार, आणि आत सतरा जणी. कापड बाहेर जाऊ नये म्हणून मालक कुलूप लावून जेवायला गेला होता, आणि आग काही त्याची वाट बघत थांबली नाही. सतरांतली एकही बाहेर आली नाही. त्याला आता चार वर्षं झाली. धाकटीला दारावरची घंटा वाजवायचा कंटाळा. ती टकटक करायची, दोनदा पाठोपाठ, मग जरा थांबून एकदा. गळ्यातली मापाची पिवळी फीतसुद्धा न काढता जेवायला बसायची, आणि आई रोज ओरडायची.

विधेयक मांडलं गेलं तेव्हाच खरं तर सुरुवात झाली. ताई आपली पाच मिनिटं टाइप करत होती, तेव्हा वहीत मास्तरांच्या दोन वाक्यांमध्ये तिला तीन ठिपके दिसले. दोन जवळजवळ, एक सुटा. लघुलिपीत अशी खूण नाही. पेन टेकलं असेल असं म्हणून तिने ते खोडले.

पुढच्या आठवड्यात कलमवार चर्चा झाली. चौथं कलम निघालं आणि समोरच्या बाजूने दुरुस्ती आली: ‘सरकारी इमारती वगळून’. ती घेतली तर तिकडची सहा मतं इकडे येणार होती. मास्तर उठून म्हणाले, “मान्य.” पदरात पडेल ते आधी घ्यावं, असा त्यांचा विचार. ताईने तो शब्द लिहिला. खोटं कशाला बोलायचं, तिला हायसंच वाटलं. त्याच क्षणी उजवीकडच्या भिंतीतून आवाज आला. दोन, मग एक.

तिची पाळी संपली, काकांची सुरू झाली. काका म्हणजे तिला हाताला धरून हे काम शिकवणारे जुने प्रतिवेदक. पाच मिनिटांनी तेही मागच्या खोलीत आले.

“उजव्या लॉबीत कोण ठोकत होतं गं?”

“तुम्हीपण ऐकलंत?”

“कान शाबूत आहेत अजून. कंसात काय लिहिलंस?”

ताईने काहीच लिहिलं नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, ऐकलेलं तिने गाळलं होतं.

सभागृहाच्या दोन अंगांना दोन लॉबी होत्या, म्हणजे लांबट, बिनखिडकीच्या खोल्या. हात वर करून मोजणी जमली नाही, की होय म्हणणारे उजव्या लॉबीतून जायचे आणि नाही म्हणणारे डावीतून. मागच्या दाराने आत, पुढच्या दाराने बाहेर. एरवी दोन्ही लॉबी वर्षवर्ष कुलपात असत. या विधेयकावर अशी मतविभागणी होणार म्हणून चावी तेवढ्यापुरती दारवानाकडे आली होती; काकांनी त्याला बोलावून उजवी उघडायला लावली. आत धुळीचा थर होता आणि धुळीवर एकही पाऊल नव्हतं. टाइप करायच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर ताईने सहज हात टेकला, आणि पटकन मागे घेतला. भिंत तापली होती.

“पलीकडून पाइप गेला असेल,” काका म्हणाले. पलीकडे त्यांचीच खोली होती, आणि तिथे पाइप नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

आणि आज मतदान. होयच्या बाजूला एक्केचाळीस, नाहीच्या बाजूला चाळीस. बरोबरी झाली तर अध्यक्ष, आहे ते तसंच राहू दे, असं मत देणार. शिरस्ताच तसा होता. तेव्हा सगळं एका मतावर आलेलं, आणि ते एक मत म्हणजे मास्तरांच्या बाजूचे डॉक्टर सदस्य, सकाळी सकाळी कुणाच्या तरी पोटाचं ऑपरेशन करायला गेलेले. मास्तर दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते.

“तू नको बसूस आज,” काका म्हणाले. “घरचं प्रकरण आहे. हात थरथरेल.”

“थरथरू दे. पाळी माझी आहे.”

अध्यक्षांनी मतविभागणी पुकारली. घंटा सुरू झाली. ती दोन मिनिटं वाजते, आणि थांबली की बाहेरची सगळी दारं बंद. मग राजा आला तरी आत घेत नाहीत. ताई टेबलाशी बसली होती. घंटेचा आवाज तिला दातांत जाणवत होता. मान वर करायची नाही. डॉक्टर आले का? मान वर करायची नाही. 

घंटा थांबली. कुलपं पडली.

उजव्या लॉबीच्या मागच्या दाराशी दोघं मोजायला उभे होते, एक मास्तरांचा, एक विरोधकांचा. विरोधकांचा माणूस खणखणीत आवाजात मोजू लागला. ताईचं पेन त्याच्या मागे पळत होतं. बारा. एकोणीस. सत्तावीस. पस्तीस.

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

मग काहीच नाही.

ताईने डोळे मिटले. संपलं, ती मनात म्हणाली. आईला काय सांगू?

“एक्केचाळीस.”

तिने लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं. डावीकडे चाळीस भरले. अध्यक्षांनी विचारलं, “आकड्यांना कुणाची हरकत?” कुणाचीच नव्हती. “विधेयक संमत.” बाकं वाजू लागली, मास्तर रुमालात तोंड खुपसून रडत होते, आणि ताईने जन्मात पहिल्यांदा पाळी चालू असताना मान वर केली.

बाहेरची दारं उघडली. घामाघूम झालेले डॉक्टर आत आले.

“झालं का?” ते म्हणाले. “दोन मिनिटं बाहेर उभा आहे. दार उघडेचनात.”

सगळे मोजणाऱ्याकडे वळले. पण निकाल जाहीर झाला की हरकत घेता येत नाही. शिवाय मोजणारा विरोधकांचाच, त्याला खोटं कोण पाडणार?

“मी डोकी मोजली,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “शेवटी एक बाई गेल्या. घाईत होत्या. चेहरा नाही बघितला. गळ्यात ओळखपत्राची पिवळी फीत होती.”

सदस्यांच्या फिती निळ्या असतात.

ताई उठली. तिला भीती वाटली नाही, उलट अंगातून आनंदाची लाट गेली. आली होती. धाकटी स्वतः आली होती, आणि आपल्या कायद्याला आपलं मत देऊन गेली. ती जवळजवळ धावतच लॉबीच्या पुढच्या दाराशी पोचली. दारवान चावी फिरवत होता.

“काका सांगत होते, तुम्ही बाहेर येणारे मोजता.”

“सवय आहे, ताई. तीस वर्षांची.”

“किती आले?”

“चाळीस.” त्याने कुलूप ओढून बघितलं. “आत डोकावलो मी. कुणी नाही.”

“उघडं ठेवा ते. बाहेरून कुलूप लावायचं नाही आता. कायदा झालाय.”

दारवानाने तिच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “सरकारी इमारती वगळून, ताई. तुमच्याच पाळीत मान्य झालं ना ते?” चावी त्याने लिफाफ्यात टाकली, त्यावर लाख लावली आणि सचिवांच्या कपाटाकडे निघून गेला. पुढची मतविभागणी येईपर्यंत ती तिथेच राहणार होती. आजच्या आधीची नऊ वर्षांपूर्वी झाली होती.

ताई आपल्या खोलीत येऊन बसली. पाच मिनिटं टाइप करायची होती. होय, एक्केचाळीस. नाही, चाळीस. विधेयक संमत.

भिंतीतून आवाज आला. दोन, मग एक.

या वेळी तिने गाळलं नाही. कंस उघडला आणि लिहिलं: उजव्या लॉबीची भिंत आतून वाजते.

दोन, मग एक. दोन, मग एक. मग त्याच भिंतीवर, जरा खालच्या बाजूला, दुसऱ्या कुणाचा तरी हात वाजू लागला.